वॉर्डात कंबर कशी सांभाळायची: रुग्ण हलवणाऱ्या परिचारिकांसाठी सविस्तर मार्गदर्शक

कंबर दुखते असं सांगितलं की सिस्टरला पहिला सल्ला मिळतो तो ‘नीट वाकत जा’ हाच. गुडघ्यात वाका, पाठ ताठ ठेवा, ओझं अंगाजवळ धरा. नर्सिंगच्या पहिल्या वर्षापासून हे पाठ असतं आणि तरीही कंबर धरते. कारण हे नियम खोकं उचलण्यासाठी बनलेले आहेत. खोकं मध्येच पाय झटकत नाही, घाबरून गळ्यात हात टाकत नाही, त्याला कॅथेटर आणि सलाईन लावलेलं नसतं आणि ते भिंतीला टेकवलेल्या पलंगाच्या पलीकडच्या कडेला झोपलेलंही नसतं.

१९९९ साली अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात हा ताण मोजला गेला. रुग्ण म्हणून घेतलेली व्यक्ती ५० किलोची आणि सांगेल तसं सहकार्य करणारी होती. तरीही तिला उचलून हलवताना कमरेवर येणारा ताण धोक्याच्या पातळीत गेला. एकट्याने उचललं तेव्हा तर गेलाच, दोघांनी मिळून उचललं तेव्हाही गेला. पुढे २००७ मध्ये अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्याच्या अभ्यासकांनी रुग्ण हाताने उचलण्यासाठी मर्यादा सुचवली ती ३५ पौंड, म्हणजे सुमारे १६ किलोची. तीही रुग्ण शांत असेल, भार अंगालगत असेल आणि कंबर पिळत नसेल तरच.

आता हिशोब करा. ६० किलोच्या माणसाचा एक पाय साधारण साडेनऊ किलोचा असतो. प्लास्टर घातलेला असेल तर तो एकटाच मर्यादेच्या जवळ जातो. अख्ख्या माणसाला चौघांनी उचललं तर प्रत्येकी १५ किलो, तेही वाटणी सारखी झाली तर. आणि ती कधीच होत नाही, डोक्याकडचा आणि कमरेकडचा माणूस जास्त भार घेतो. म्हणून या लेखातली जवळपास प्रत्येक युक्ती एकाच दिशेने जाते: उचलणं थांबवा, सरकवा. आधी घर्षण कमी करा, मग उंची जुळवा, मग मदतीचे हात वाढवा. स्वतःचं शरीर बळकट करणं त्यानंतर येतं. नुसतं वाकण्याचं प्रशिक्षण देऊन कंबरदुखी टळत नाही, हे २००८ आणि २०११ च्या मोठ्या आढाव्यांत दिसलेलं आहे. तरी कार्यशाळा मात्र त्याच विषयावर भरतात, कारण त्यात काही विकत घ्यावं लागत नाही.

दुखणं साधं आहे ना, हे आधी बघा

बहुतेक कंबरदुखी स्नायू, सांधे आणि मणक्यांमधल्या गाद्यांच्या ताणाची असते आणि काही आठवड्यांत उतरते. पण पुढच्यापैकी काही असेल तर व्यायामाच्या भानगडीत न पडता डॉक्टर गाठायचे.

जांघेत, गुदद्वाराभोवती किंवा मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा, लघवी अडकणं किंवा भरल्याची जाणीवच न होणं, शौचावरचा ताबा जाणं: ही तातडीची अवस्था आहे, त्याच दिवशी एमआरआय आणि सर्जनचं मत हवं. ड्युटीवर लघवी दाबून ठेवायची सवय असल्याने सिस्टर लोक हे लक्षण हमखास उशिरा ओळखतात. पाऊल उचलताना चप्पल घासटायला लागली किंवा पायातली ताकद दिवसागणिक कमी होत गेली तरी तेच.

दुसरं आपल्याकडचं खास: मणक्याचा क्षय. टीबीच्या रुग्णांजवळ वर्षानुवर्षं काम करणाऱ्या परिचारिकेला आडवं पडल्यावरही न थांबणारी, रात्री वाढणारी कंबरदुखी असेल, संध्याकाळी कणकण येत असेल, वजन उतरत असेल, तर ‘कामाचा ताण’ म्हणून महिनोन्‌महिने शेकत बसू नये. ईएसआर, सीआरपी या रक्ततपासण्या आणि एमआरआय करून घ्यावा. पूर्वी कर्करोग झालेला असणं, बरेच महिने स्टेरॉइड चालू असणं, पडल्यावर सुरू झालेलं दुखणं यांनाही हाच नियम.

सात ड्युट्यांची नोंद

कंबर ‘ड्युटीने’ दुखते असं म्हणून भागत नाही. कोणत्या कामाने दुखते ते सापडायला हवं. एका कागदावर पाच रकाने आखा: वेळ, बेड नंबर, काम, किती जणांनी केलं, आणि लगेच नंतरचं दुखणं शून्य ते दहा. सलग सात ड्युट्या भरा. साधारणपणे असं दिसतं की त्रासाचा मोठा वाटा दोन-तीन कामांतूनच येतो: खाली घसरलेल्या रुग्णाला वर ओढणं, ऑपरेशन थिएटरमधून आलेला रुग्ण स्ट्रेचरवरून बेडवर घेणं, आणि भिंतीकडच्या बेडवरचं स्पंजिंग. वॉर्ड लहान मुलांचा असेल तर ओणवं राहून शीर शोधणं.

त्यातून एक फुकटचा उपाय लगेच निघतो. जे रुग्ण स्वतः कूस बदलू शकत नाहीत, त्यांना दोन्ही बाजूंनी पोचता येईल अशा बेडवर ठेवा. चालते-फिरते रुग्ण भिंतीकडे. अॅडमिशन घेताना हा एक प्रश्न विचारला तर पुढची आठ-दहा दिवसांची ओढाताण वाचते. वॉर्डात वर-खाली होणारे दोन-चारच बेड असतील तर ते याच रुग्णांसाठी राखा.

घसरलेला रुग्ण वर घेणं

हे काम दिवसातून सर्वांत जास्त वेळा होतं आणि कंबरेचं सर्वांत जास्त नुकसान करतं, म्हणून थोडं सविस्तर.

आधी तो घसरतो का ते पाहू. फाऊलर बेडचं, म्हणजे डोक्याकडून आणि गुडघ्याकडून वर करता येणाऱ्या पलंगाचं, डोकं वर केलं की पाठीचा उतार तयार होतो आणि माणूस त्यावरून हळूहळू पायथ्याकडे जातो. दोन चुका हे वाढवतात. पहिली, रुग्णाचा खुबा बेडच्या मोडणाऱ्या सांध्यावर नसतो, एखादी वीत खाली असतो. मग बेड त्याच्या कमरेत न वाकता छातीत वाकतो. दुसरी, डोक्याकडचं हॅंडल आधी फिरवलं जातं आणि गुडघ्याकडचं फिरवलंच जात नाही. म्हणून क्रम असा ठेवा: बेड सपाट, खुबा सांध्यावर, मग गुडघ्याकडचा भाग थोडा वर, आणि शेवटी डोकं. गुडघ्याचं हॅंडल मोडलेलं असेल तर मांड्यांखाली गुंडाळलेली चादर द्या. पोटरीखाली किंवा थेट गुडघ्याच्या खोबणीत नको. एवढ्याने दिवसात चार वेळा वर ओढायचा रुग्ण दोनदाच ओढावा लागतो.

आता वर घेण्याची कृती. माणसं किमान दोन, रुग्ण अजिबात सहकार्य करत नसेल किंवा ७० किलोच्या पुढचा असेल तर चार.

१. राइल्स ट्यूबचं (नाकातून पोटात घातलेल्या नळीचं) फीड चालू असेल तर थांबवा. कॅथेटर, ड्रेन, सलाईन यांच्या नळ्या कुठे जातात ते पाहून सैल करा. युरोबॅग (लघवीची पिशवी) हलवायच्या दिशेने सरकवून टांगा. घाईत ओढलेला रुग्ण आणि मागेच राहिलेली युरोबॅग यातून मूत्रमार्गाला इजा होते.

२. बेडचं ब्रेक लावा आणि धक्का देऊन तपासा. ब्रेक निकामी असेल तर डोक्याकडची बाजू भिंतीला टेकवा.

३. डोक्याकडचा भाग पूर्ण खाली. उशी काढून डोक्याकडच्या पट्टीला उभी लावा, म्हणजे डोकं आपटणार नाही. श्वासाचा त्रास असणाऱ्याला सपाट ठेवायचा वेळ एका मिनिटाच्या आत आणा. सगळी तयारी आधी, सपाट शेवटी. मेंदूला मार असलेल्या रुग्णाचं डोकं खाली करायचं नाही. त्याच्यासाठी डॉक्टरांना विचारून किती अंश चालेल ते ठरवा.

४. रुग्णाला कुशीवर करून खांद्यापासून मांडीपर्यंत सरकणारा थर घाला. स्लाइड शीट म्हणजे सिलिकॉन लावलेल्या नायलॉनची नळीसारखी शिवलेली चादर. तिचे आतले दोन पृष्ठभाग एकमेकांवर घसरतात. ती नसेल तर नवी, जाड, न कापलेली मोठी प्लास्टिकची पिशवी हेच काम करते, कारण तिलाही दोन थर असतात. कचऱ्याच्या लाल-पिवळ्या पिशव्या मात्र यासाठी वापरू नका. उद्या कोणी ती भरून ठेवेल. पिशवी एका रुग्णाला एक, काम झालं की लगेच बाहेर. विसरली तर रुग्ण बेडवरून घसरेल आणि त्वचेखाली घाम साचेल. थराच्या वर नेहमीची ड्रॉ शीट (रुग्णाखालची आडवी चादर).

५. रुग्णाचे हात छातीवर, हनुवटी छातीकडे. ज्याला जमेल त्याला गुडघे मुडपून तळपाय गादीवर टेकवायला सांगा. पाय मारता येणाऱ्या रुग्णाने स्वतः दिलेला रेटा दोघींच्या ओढीपेक्षा जास्त उपयोगी पडतो. भीड बाळगू नका, मागा.

६. दोघी खुब्याच्या रेषेत समोरासमोर. डोक्याकडचं पाऊल पुढे, दुसरं मागे, खांद्याएवढं अंतर. ड्रॉ शीट अंगालगत येईपर्यंत गुंडाळा. हातात शीटची कड असेल तर हात लांब जातात आणि भार दुप्पट वाटतो.

७. मोजणारी एकच. ‘एक, दोन, तीन’ नंतर हलायचं की ‘तीन’ वर, हे आधी ठरवा. उसण भरण्याची अर्धी कारणं या एका सेकंदाच्या गोंधळात असतात, कारण एकीवर अचानक सगळा भार येतो.

८. हात आखडून न ओढता मागच्या पायावरचं वजन पुढच्या पायावर न्या. एका दमात वीतभर. दोन किंवा तीन दमात वर.

चालणार असेल तिथे बेडचा पायथा काही अंश वर केला तर वजनच मदत करतं. पण श्वास लागणारा, पोट भरलेला, डोक्याला मार असलेला रुग्ण असेल तर नाही.

काखेत हात घालून वर खेचणं पूर्ण बंद करा. त्याने रुग्णाचा खांदा निखळू शकतो, लकवा मारलेल्या बाजूचा तर सहज, आणि तुमची कंबर वाकलेली असतानाच पिळते.

कूस बदलणं आणि स्पंजिंग

रुग्णाला आपल्यापासून दूर ढकलण्यापेक्षा आपल्याकडे वळवायला कमी जोर लागतो. पलीकडचा गुडघा मुडपा, पलीकडचा हात छातीवर आणा, एक हात पलीकडच्या खांद्यामागे, दुसरा खुब्यामागे, आणि मागच्या पायावर वजन नेत त्याला वळवा. तो कडेला येणार असेल तर आधी ड्रॉ शीटने पलीकडे सरकवून घ्या. पाठ धुताना एका हाताने रुग्ण धरून दुसऱ्याने पुसू नका. दुसरी व्यक्ती नसेल तर घट्ट गुंडाळलेल्या उशीचा आधार द्या.

जवळचा नातेवाईक हा आपल्या सरकारी वॉर्डातला खरा दुसरा हात आहे. त्याला नुसतं ‘धरा हो जरा’ म्हणून उपयोग नाही. कुठे उभं राहायचं, काय धरायचं, कधी सोडायचं हे तीन वाक्यांत सांगा आणि त्याला जड बाजू देऊ नका. मणक्याला मार असलेल्या रुग्णाला मात्र नातेवाइकाच्या मदतीने वळवायचं नाही. तिथे डोकं धरणाऱ्याच्या हुकमावर चौघांनी एकसंध वळवायचं असतं.

बेडवरून व्हीलचेअरवर

खुर्ची रुग्णाच्या बळकट बाजूला, बेडशी ३० ते ४५ अंशात. ब्रेक लावा, पाय ठेवायच्या पट्ट्या वर किंवा बाहेर करा. साडीचा पदर, लुंगीचं टोक, सुटलेली नाडी चाकात किंवा पायात येत नाही ना ते बघा. वॉर्डातली निम्मी धांदल इथूनच सुरू होते.

रुग्णाला बेडच्या कडेला पाय सोडून एक-दोन मिनिटं बसवा. चक्कर येते का विचारा. तळपाय जमिनीवर, गुडघ्यांच्या थोडे मागे. आता त्याला पुढे झुकवा, नाक पायाच्या बोटांच्या पुढे जाईपर्यंत. माणूस उठतो तो आधी पुढे झुकून. सरळ बसवून वर ओढलं तर त्याचं सगळं वजन तुमच्या कमरेवर येतं. कमरेला रुंद ट्रान्सफर बेल्ट असेल तर उत्तम, नसेल तर चार पदरी घडी केलेली चादर गुंडाळून तिला धरा. पोटाचं ताजं ऑपरेशन, पीईजी ट्यूब (पोटावरून थेट जठरात घातलेली नळी) किंवा बरगड्यांचं फ्रॅक्चर असेल तर बेल्ट नको.

रुग्णाचा हात तुमच्या मानेत कधीच नको. खुर्चीच्या हातावर किंवा तुमच्या कोपरावर चालेल. त्याचा कमजोर गुडघा तुमच्या गुडघ्याने अडवा. वळताना पावलं टाका, पाय जागी ठेवून कंबर पिळू नका. दोन्ही पायांवर अजिबात वजन घेत नसेल तर हे काम एका सिस्टरचं नाही. उचलणारी यांत्रिक होइस्ट असेल तर ती, नाहीतर चादरीवरून सरकवणं.

आणि रुग्ण कोसळायला लागला तर? त्याला झेलू नका. हे ऐकायला निष्ठुर वाटतं, पण झेलताना एका क्षणात आलेला धक्का मणक्याची गादी फाटायला पुरेसा असतो आणि रुग्णही वाचत नाही, दोघं पडतात. त्याच्या मागे या, एक पाय पुढे करा, त्याला तुमच्या मांडीवरून हळूहळू जमिनीवर सरकू द्या, डोकं तेवढं सांभाळा. खाली बसल्यावर लगेच उठवायचं नाही. पाय आखूड-बाहेर वळलेला दिसतो का, शुद्ध कशी आहे, ते पाहा. ठीक असेल तर त्याच्याजवळ एक खुर्ची ठेवून त्याला गुडघ्यावर येऊ द्या, हात खुर्चीवर टेकवून बळकट पाय पुढे घेऊ द्या, मागून दुसरी खुर्ची सरकवा. ज्याला हे जमणार नाही त्याच्यासाठी चादर आणि सहा जण, तोवर उशी आणि पांघरूण देऊन जमिनीवरच राहू द्या.

स्ट्रेचरवरून बेडवर

स्ट्रेचर बेडपेक्षा किंचित, बोटभर उंच ठेवा, म्हणजे ओढ उतारावर होते. दोन्हींचे ब्रेक लावा, मधली फट मिटवा. फटीत खुबा अडकला की सगळे एकदम जोर लावतात आणि तिथेच कोणाची तरी कंबर जाते. फटीवर स्लाइड बोर्ड (रुग्ण सरकवायची गुळगुळीत फळी) टाका. नसेल तर एक्स-रे विभागात चौकशी करा, तिथे बहुधा असतो.

बेडच्या पलीकडून ओढणाऱ्या व्यक्तीला गादीच्या रुंदीएवढे हात लांब करावे लागतात. ही जागा सर्वांत वाईट. म्हणून दोन टप्पे करा. आधी स्ट्रेचरकडचे लोक ढकलत रुग्णाला बेडच्या अलीकडच्या कडेपर्यंत आणतील, मग पलीकडचे जवळ येऊन उरलेलं अंतर ओढतील. डोक्याशी उभी असलेली व्यक्ती मोजेल.

ज्यात काहीच उचलत नाही ते वाकणं

१९९९ मध्येच एका स्वयंसेवकाच्या मणक्याच्या गादीत सेन्सर बसवून दाब मोजला गेला. सरळ उभं असताना ०.५ मेगापास्कल, नुसतं पुढे वाकल्यावर १.१. हातात काहीही न घेता दुप्पट. आणि सिस्टर वाकते ती तीन सेकंद नव्हे, म्हाताऱ्या हातातली शीर सापडेपर्यंत.

म्हणून बसा. शीर घेताना, ड्रेसिंग करताना, कॅथेटर टाकताना, सॅम्पल घेताना चाकाचं स्टूल घ्या. इन्चार्जना सिस्टर बसलेली दिसली की काम टाळते असं वाटतं, ही समजूत वॉर्ड मीटिंगमध्ये एकदा उघड बोलून काढून टाकावी. उभंच राहावं लागलं तर कठडा खाली करा, ज्या बाजूचं काम त्या बाजूला उभ्या राहा, मांड्या बेडला टेकवा आणि मोकळा हात गादीवर रोवा. बेड वर-खाली होत असेल तर जोराच्या कामासाठी गादी खुब्याच्या उंचीला, बारीक कामासाठी कमरेच्या उंचीला. काम संपल्यावर परत खाली, नाहीतर रुग्ण पडेल.

ड्रेसिंगसाठी कोणाचा पाय हातात धरून ठेवू नका. ते साडेनऊ किलो लांब हातावर असतात. खाली उशी किंवा उलटं ठेवलेलं ट्रे-स्टॅंड द्या. युरोबॅग रिकामी करताना ओणवं होण्याऐवजी उकिडवं बसा. जमिनीवर पडलेली व्हायल उचलताना एक हात बेडवर ठेवून एक पाय मागे उचला, पाठ सरळ राहते. जमिनीवर गादी टाकलेल्या रुग्णांसाठी लहान पाटासारखं स्टूल वॉर्डात असू द्या. फ्लोअर बेडवर वाकून दिलेलं इंजेक्शन ही दिवसातली सर्वांत महाग पाच मिनिटं असतात.

ट्रॉली ढकला, ओढू नका. जड वाटत असेल तर चाकांच्या आसांत पाहा: केस, गॉजचे धागे, टाक्यांचा दोरा गुंडाळलेला सापडेल. तो कापून तेलाचे दोन थेंब टाकले की फरक कळतो. मोठा ऑक्सिजन सिलिंडर पन्नास किलोच्या वर असतो; तो फिरवत नेणंही सिस्टरचं काम नाही.

शरीर तयार करणं

कमरेचा पट्टा निरोगी माणसाला दुखण्यापासून वाचवत नाही. व्यायाम वाचवतो. २०१६ च्या एका आढाव्यात व्यायाम आणि माहिती यांच्या जोडीने कंबरदुखीचा नवा झटका येण्याचा धोका सुमारे ४५ टक्क्यांनी घटलेला दिसला. पट्टे आणि बुटातल्या गाद्यांनी काही साधलं नव्हतं. आठवड्यातून तीन दिवस, वीस मिनिटं पुरतात.

काठी पाठीवर उभी धरा, ती डोकं, पाठ आणि माकडहाड या तिन्हींना टेकलेली ठेवून खुब्यातून वाका; दहा-दहाचे दोन संच. काठी सुटली म्हणजे तुम्ही कमरेतून वाकलात. मग चार पायांवर येऊन उलट बाजूचा हात आणि पाय ताणायचा, आठ ते दहा सेकंद धरायचं. प्रत्येक बाजूला आधी सहा, मग चार, मग दोन वेळा. कुशीवर कोपर आणि गुडघ्यांवर शरीर उचलून धरायचं, हाच क्रम. पाठीवर झोपून गुडघे मुडपून खुबा वर, दहाचे दोन संच. शेवटी खुर्चीवरून उठबस, छातीशी पिशवी धरून: चार किलोपासून सुरू करा, दोन संच सोपे वाटले की एक किलो वाढवा. हा शेवटचा व्यायाम बहुतेक जणी गाळतात आणि नेमका तोच वॉर्डातल्या कामाला लागतो.

याशिवाय चालणं. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियात ७०१ जणांवर झालेल्या चाचणीत हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच वेळा ३० मिनिटांपर्यंत चालणाऱ्यांची कंबर पुन्हा दुखायला लागेपर्यंत मधले २०८ दिवस गेले, न चालणाऱ्यांची ११२ दिवसांत. वॉर्डातली धावपळ यात धरू नका. ती थांबत-वळत होते.

झोपेतून उठल्यावर पहिल्या तासात वाकायची कामं टाळा. रात्रभर गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात आणि तेव्हा वाकल्यावर जास्त ताण येतो. नाइट करून आलेल्या सिस्टरची ही ‘सकाळ’ दुपारी तीनला असते. उठल्या उठल्या बादलीत कपडे भिजवून घासायला बसणं तिथेच नडतं.

उसण भरली तर

पहिले दोन दिवस: पाठीवर झोपून पोटऱ्या खुर्चीवर, दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून चार-पाचदा. मध्ये घरातल्या घरात चालणं. गरम शेक. दोन दिवसांपेक्षा जास्त अंथरुणात राहिलं तर बरं व्हायला उलट उशीर लागतो.

नुसत्या पॅरासिटामॉलचा कंबरदुखीत फारसा उपयोग होत नाही. डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन चालतं, पण दोन्ही एकत्र नाही, आणि अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, रक्तदाब, दमा किंवा गर्भारपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही. वॉर्डातलं डायक्लोचं इंजेक्शन सहकारी सिस्टरकडून मारून घेऊन ड्युटी काढायची पद्धत सर्रास आहे. ती दोन कारणांनी वाईट: दुखणं दाबून तोच रुग्ण पुन्हा ओढला जातो, आणि नोंद कुठेच होत नाही. स्नायू सैल करणाऱ्या गोळ्यांनी झोप येते, त्या घेऊन नाइट करू नका आणि स्कूटर चालवू नका.

एमआरआयची घाई नको. वर सांगितलेली धोक्याची लक्षणं नसतील तर पहिल्या सहा आठवड्यांत त्याने उपचार बदलत नाहीत. चाळिशीतल्या, काहीही न दुखणाऱ्या माणसांपैकी निम्म्यांच्या एमआरआयमध्येही फुगलेली गादी दिसते. रिपोर्टमधल्या ‘डिस्क बल्ज’ने घाबरून वाकणंच सोडलेल्या सिस्टर जास्त काळ दुखत राहतात.

कामावर परतताना

सर्टिफिकेटवर ‘लाइट ड्युटी’ लिहून घेऊ नका. त्याचा अर्थ प्रत्येक इन्चार्ज वेगळा लावते. डॉक्टरांकडून कामांची नावं लिहून घ्या: दोन आठवडे स्ट्रेचर शिफ्टिंग नाही, रुग्ण वर ओढणं नाही, सलग २० मिनिटांपेक्षा जास्त ओणवं काम नाही, औषधं, राउंड, नोंदी, सॅम्पल चालतील. तिसऱ्या आठवड्यापासून दोघींनी कूस बदलणं, पाचव्यापासून सगळं.

गरोदर असाल तर सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० चं कलम ५९ वाचून ठेवा; नोव्हेंबर २०२५ पर्यंत हीच तरतूद मातृत्व लाभ कायदा, १९६१ च्या कलम ४ मध्ये होती. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीचे सहा आठवडे आणि त्याच्याही आधीचा एक महिना, या काळात तुम्ही मागणी केल्यास कष्टाचं किंवा तासन्‌तास उभं राहण्याचं काम देता येत नाही. मागणी लेखी करा, प्रत ठेवा.

इन्चार्ज सिस्टरसाठी

तीस बेडच्या वॉर्डाला सुरुवातीला चार स्लाइड शीट, एक स्लाइड बोर्ड, दोन ट्रान्सफर बेल्ट आणि दोन चाकाची स्टुलं पुरतात. मागणीपत्रासोबत सात ड्युट्यांच्या नोंदी आणि कंबरदुखीच्या रजांचे दिवस जोडा. नुसत्या तक्रारीपेक्षा तो कागद पुढे सरकतो. हॅंडओव्हरमध्ये प्रत्येक परावलंबी रुग्णापुढे एक आकडा सांगायची पद्धत पाडा: हलवायला किती जण लागतात. जड रुग्ण एकाच सिस्टरच्या वाट्याला ओळीने येऊ देऊ नका आणि दोघींचं काम असेल तर त्याची वेळ दोघींच्या राउंडशी जुळवा.

आणि सामान आलं की ते कपाटात कुलूपबंद करू नका. हरवेल, डेड स्टॉकमध्ये (टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत) भरपाई करावी लागेल, या भीतीने किल्ली इन्चार्जकडे राहते आणि रात्री दोन वाजता सिस्टर पुन्हा काखेत हात घालूनच ओढते. स्लाइड शीट रुग्णाच्या नावाची चिठ्ठी लावून त्याच्याच बेडच्या पायथ्याला टांगा, डिस्चार्जच्या दिवशी धुवायला पाठवा.